रडायचं, की बिल लावायचं?

आपल्याकडे मुलीला शिकवल्या जाणाऱ्या पहिल्या काही गोष्टींमध्ये एक गोष्ट हमखास असते. घरातलं घरात ठेवायचं. काय भांडायचं ते चार भिंतींच्या आत भांडा, पण चव्हाट्यावर आणू नका. नवरा कसाही वागला तरी माहेरी एकदम सांगायचं नाही, शेजारी तर कळूच द्यायचं नाही. डोळे सुजलेले असले तर ‘कांदा चिरत होते’ म्हणायचं.

मैत्रिणींनो, हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. हजारो मैलांवरच्या स्पेनमध्येही बाईकडून साधारण हीच अपेक्षा असते. म्हणूनच ११ जानेवारी २०२३ ला एका बाईनं घरातली गोष्ट नुसती चव्हाट्यावर आणली असं नाही, तर तिचं चक्क गाणं केलं, तेव्हा तो देश ढवळून निघाला. गाणं गाणारी शकिरा. आणि ज्याच्याबद्दल गायलं तो जेरार्ड पिके, स्पेनच्या विश्वविजेत्या फुटबॉल संघातला खेळाडू. लग्न केलेलं नव्हतं, पण अकरा-बारा वर्षांचा संसार, दोन मुलं. २०२२ च्या जूनमध्ये दोघांनी वेगळं होत असल्याचं जाहीर केलं, आणि त्याचं दुसऱ्या मुलीबरोबरचं नातं लवकरच सगळ्यांसमोर आलं.

शकिरा आपल्याला अनोळखी नाही. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकाचं ‘वाका वाका’ आपल्या शाळांच्या गॅदरिंगमध्ये कितीतरी वेळा वाजलेलं आहे. २००७ मध्ये तिचा कार्यक्रम मुंबईत झाला होता, आणि त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या एका पुरस्कार सोहळ्यातला तिचा नाच आपल्या फराह खाननं बसवला होता. ती मूळची कोलंबियाची, बारांकिया नावाच्या गावची. वडिलांकडून लेबनॉनचं रक्त. किशोरवयात पहिली ध्वनिफीत निघाली, पुढे जगभर नाव झालं. पण माणूस कितीही मोठं असलं तरी घर फुटतं तेव्हा दुखायचं ते दुखतंच. गाणं आलं तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती. ज्या वयात सिनेमा-संगीताच्या धंद्यात बाईला ‘आता बास’ असं न बोलता सांगितलं जातं, त्या वयात.

आता गाण्याची गोष्ट. अर्जेंटिनाचा बिझराप नावाचा एक संगीतकार मुलगा आहे, तेव्हा चोवीस वर्षांचा. डोक्याला टोपी, डोळ्यांवर गॉगल. तो वेगवेगळ्या गायकांना बोलावतो, त्यांच्याबरोबर एकेक गाणं करतो आणि त्यांना नुसते क्रमांक देतो. क्रमांक ५२ चं गाणं २०२२ च्या उन्हाळ्यात केवेदो या तरुण गायकाबरोबर झालं आणि कितीतरी आठवडे स्पेनच्या यादीत पहिल्या जागी राहिलं. क्रमांक ५३ शकिराचा. यूट्यूबवर एका दिवसात ते सहा कोटी तीस लाख वेळा पाहिलं गेलं. दहा कोटींचा आकडा गाठायला तीन दिवससुद्धा लागले नाहीत. गिनीज बुकात त्याचे विक्रम नोंदले गेले. स्पेनमध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांची एक संघटना आहे, ‘प्रोम्युसिके’ नावाची. ती दर आठवड्याला लोकप्रिय गाण्यांची शंभराची यादी काढते. त्या यादीत हे गाणं आल्या आल्या एक नंबरला जाऊन बसलं.

त्यात होतं तरी काय? तर सगळं. शेजारी राहणारी सासू होती, दाराशी ताटकळलेले पत्रकार होते, सरकारी करखात्याचा तगादा होता. नवऱ्याच्या नावावर आणि त्या नव्या मुलीच्या नावावर शाब्दिक कोट्या होत्या. महागड्या मोटारीच्या बदल्यात साधी मोटार घेतलीस, महागड्या घड्याळाच्या बदल्यात स्वस्तातलं घेतलंस, असे टोमणे होते. आणि सगळ्यात जास्त गाजलं ते तिचं एक सांगणं. बायकांनी रडायचे दिवस गेले, आता कमवायचं. तिनं वापरलेला स्पॅनिश शब्द आहे ‘फाक्तुरार’. त्याचा शब्दशः अर्थ बिल लावणं, पावती करणं. वाण्याच्या दुकानात, दवाखान्यात वापरायचा रुक्ष शब्द. तो शब्द त्या वर्षी स्पेनमध्ये टी-शर्टांवर आला, आठ मार्चच्या मोर्चातल्या फलकांवर आला. पुढे २०२४ मध्ये तिनं आपल्या नव्या अल्बमचं नावच ‘बायका आता रडत नाहीत’ या अर्थाचं ठेवलं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

लोकांची प्रतिक्रिया? ती तर आपण इथे बसूनही सांगू शकलो असतो. ‘मुलांचा तरी विचार करायचा होता.’ ‘एवढी मोठी बाई आणि हे असं?’ ‘शोभतं का?’ तिकडे पिकेनं काय केलं, तर इंटरनेटवरच्या आपल्या कार्यक्रमात तो त्या स्वस्त घड्याळाची जाहिरात केल्यासारखा वागला, एकदा त्या साध्या मोटारीतून आला. लोक हसले. त्याला ‘मुलांचा विचार कर’ असं किती जणांनी सांगितलं असेल? त्यानं केलं ती गंमत, तिनं केलं तो तमाशा. हा हिशेब आपल्या चांगला ओळखीचा आहे.

आणि बघा, प्रेमभंगाची गाणी काही बायकांनी सुरू केलेली नाहीत. स्पॅनिशमध्ये असोत, हिंदीत असोत की उर्दूत, ‘बेवफा’ बाईला दूषणं देणारी पुरुषांची गाणी ढिगानं आहेत. त्यांना आपण दर्द म्हणतो, शायरी म्हणतो, ट्रकच्या मागे रंगवतो. त्यातली बाई कोण, तिच्या मुलांना काय वाटेल, असा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही. बाईनं तेच केलं की मात्र घराण्याची अब्रू जाते. तेव्हा तिनं गायलं हे मला तरी चूक वाटत नाही.

स्पेनमध्ये तर या गाण्याला एक थोरली बहीण आहे. सेव्हिल शहरातल्या त्रियाना वस्तीतली मारिया हिमेनेस ही गायिका. १९७८ मध्ये तिनं ‘से आकाबो’ नावाचं गाणं गायलं. ‘से आकाबो’ म्हणजे ‘संपलं’, ‘बास झालं’. पुरुषाला बाहेरचा रस्ता दाखवणारं गाणं. आज आपल्याला त्यात विशेष वाटणार नाही, पण ते वर्ष लक्षात घ्या. हुकूमशहा फ्रँको १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये गेला. त्याच वर्षीच्या मे महिन्यापर्यंत स्पेनमधल्या लग्न झालेल्या बाईला नोकरी धरायला किंवा बँकेत खातं उघडायला नवऱ्याची परवानगी लागत असे. आणि घटस्फोटाचा कायदा आला १९८१ मध्ये. म्हणजे मारिया ‘संपलं’ असं गात होती, तेव्हा त्या देशातल्या बाईला कायद्यानं लग्न संपवताच येत नव्हतं! गाणं कायद्याच्या तीन वर्षं पुढे होतं. मारियाचा स्वतःचा संसारही पुढे सुखाचा झाला नाही. नवऱ्याच्या हातून सोसलेल्या त्रासाबद्दल तिनं नंतर उघडपणे सांगितलं. गाणाऱ्या बाईलाही ‘संपलं’ म्हणणं प्रत्यक्षात किती अवघड असतं, हे त्यातून कळतं.

आपल्याकडे जात्यावर बसून बायकांनी तरी दुसरं काय केलं? सासू, नणंद, नवऱ्याचा राग, माहेराची ओढ, सगळं पहाटेच्या अंधारात ओव्यांमध्ये घातलं. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. फरक इतकाच की जात्यावरच्या बाईनं दळणाच्या घरघरीत आवाज लपवला, आणि शकिरानं तो कोट्यवधी लोकांना ऐकवला.

इथपर्यंत माझं शकिराशी पटतं. पण पुढे माझं तिच्याशी भांडण आहे. एक नव्हे, दोन मुद्द्यांवर.

पहिला मुद्दा त्या दुसऱ्या मुलीचा. गाण्यातले सगळ्यात जास्त टाळ्या घेणारे टोमणे नवऱ्याला नाहीत, तिला आहेत. मी महागडी मोटार, ती साधी. मी उंची घड्याळ, ती स्वस्तातलं. अहो, पण बायका मोटारी आणि घड्याळं कधीपासून झाल्या? बाईला किंमतीची चिठ्ठी लावून कपाटात ठेवायचं काम आजवर पुरुषांनी केलं, लग्नाच्या बाजारानं केलं. कांदेपोहे घेऊन आलेल्या मुलीला वरपक्ष नजरेनं तोलतो तेव्हा आपल्याला संताप येतो ना? मग तीच तराजू बाईनं हातात घेतली म्हणून ती चांगली कशी ठरेल? शिवाय वचन मोडलं ते त्यानं. हिशेब त्याच्याकडे मागायचा, तर निम्मा हिशेब त्या तरुण मुलीच्या नावावर. आपल्याकडेही नवऱ्यानं बाहेर काही केलं की ‘त्या भवानीनं माझा संसार मोडला’ असंच म्हणतात. नवरा जणू काही पिशवी, कुणीही उचलून नेली!

गंमत म्हणजे गाण्यानंतर महिन्या-दीड महिन्यानं मेक्सिकोच्या दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत शकिरानं सांगितलं की पूर्ण व्हायला बाईला पुरुष लागतो, ही गोष्ट आपण खरी मानत आलो होतो, आता तसं वाटत नाही. आणि जी बाई दुसऱ्या बाईच्या पाठीशी उभी राहत नाही तिच्यासाठी नरकात वेगळी जागा असते, हे अमेरिकेच्या मॅडेलिन ऑलब्राइट यांचं प्रसिद्ध वाक्यही तिनं आठवलं. वाक्य छानच आहे. पण ते स्वतःच्या गाण्याला लावून बघायला हवं होतं, असं मला वाटतं.

त्याच फेब्रुवारीत तिचं आणखी एक गाणं आलं, करोल जी या कोलंबियाच्याच गायिकेबरोबर. ‘टी क्यू जी’ या नावाचं. या तीन अक्षरांमागचा अर्थ साधारण ‘मी तुला पेलले नाही’ असा. करोल जीचंही एका नामांकित गायकाशी असलेलं नातं तुटलेलं. दोघी एकत्र आल्या, आणि हेही गाणं स्पेनच्या यादीत पहिलं आलं. हे ज्या अल्बममध्ये आहे, तो अमेरिकेच्या मुख्य यादीतही एक नंबरवर गेला. संपूर्ण स्पॅनिशमध्ये गाणाऱ्या बाईच्या वाट्याला हे पहिल्यांदाच आलं. इथेही नव्या मुलीला चिमटे आहेतच, पण मला महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच. दोन दुखावलेल्या बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या नाहीत, दोघींनी मिळून काम केलं. नवऱ्याच्या नव्या मैत्रिणीचा उद्धार करण्यापेक्षा हे कितीतरी जास्त उपयोगाचं.

दुसरा मुद्दा त्या बिलाचा, आणि तो मला जास्त छळतो. ‘बायका आता बिल लावतात’ हे ऐकायला झकास आहे. पण कोणत्या बायका? शकिरा बिल लावू शकते, कारण तिच्या रडण्यालाही बाजारात भाव आहे. तिच्या दुःखाचं गाणं होतं, गाण्याचे पैसे येतात, त्या पैशांतून ती २०२३ च्या एप्रिलमध्ये मुलांना घेऊन बार्सिलोना सोडून अमेरिकेत मायामीला राहायला जाऊ शकते. पण जी पंचवीस वर्षं पोळ्या लाटते, सासऱ्यांची औषधं बघते, मुलांचे अभ्यास घेते, तिनं बिल कुणाच्या नावे लावायचं? तिच्या कामाची पावतीच कधी फाटलेली नाही.

आता योगायोग बघा. त्याच २०२३ च्या मार्चमध्ये, महिला दिनाच्या तोंडावर, स्पेनमधूनच एक बातमी आली. दक्षिणेकडच्या आंदालुसिया भागात बेलेस-मालागा नावाचं एक छोटं शहर आहे. तिथल्या न्यायालयानं एका घटस्फोटित बाईच्या बाजूनं निकाल दिला. लग्नाला पंचवीस वर्षं झालेली, दोन मुली. लग्नाच्या वेळीच नवऱ्यानं करार करून घेतलेला की ज्याची मिळकत त्याची. नवऱ्याचा व्यायामशाळांचा धंदा वाढत गेला, तो श्रीमंत झाला. हिनं घर सांभाळलं, वर धंद्यातही हात लावला. आणि संसार मोडला तेव्हा करारानुसार हिच्या नावावर जवळजवळ काहीच नाही.

स्पेनच्या दिवाणी कायद्यात १४३८ क्रमांकाचं एक कलम आहे. नवराबायकोची मिळकत वेगळी असली, तरी घरासाठी केलेलं काम हा संसाराच्या खर्चातला वाटा धरायचा, आणि वेगळं होताना त्याची भरपाई मागता येते, असं ते सांगतं. न्यायालयानं काय केलं, तर त्या पंचवीस वर्षांतलं दर वर्षीचं सरकारी किमान वेतन घेतलं आणि बेरीज मारली. आकडा आला दोन लाख चार हजार युरोंहून जास्त, म्हणजे त्या वेळच्या दरानं पावणेदोन कोटी रुपयांच्या घरात. नवऱ्यानं ते द्यायचे. शिवाय तिला आणि मुलींना दरमहा पोटगी वेगळी.

मला विचाराल तर त्या वर्षीचं स्पेनमधलं खरं बिल हे. याच्यावर कुणी नाचलं नाही, त्याला सहा कोटी लोकांनी पाहिलं नाही. पण यात कुणा दुसऱ्या बाईला टोमणा नाही, श्लेष नाही, नुसती बेरीज आहे. आणि बेरीज करून बघितली तर तीही काही डोळे दिपवणारी नाही. पंचवीस वर्षांचे तीनशे महिने. महिन्याला सरासरी सहाशे ऐंशी युरो पडतात. साध्यातल्या साध्या कामगाराचा पगार. त्यातही स्वयंपाक, धुणी, मुली, धंदा, सगळं आलं. सुट्टी नाही, बोनस नाही. तरीसुद्धा लोकांनी ‘केवढी ही रक्कम!’ म्हणून तोंडात बोटं घातली. घरकामाला शून्य किंमत असते याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की किमान वेतनसुद्धा लॉटरी वाटते.

आपला देश यात कुठे आहे? २०२१ च्या जानेवारीत आपल्या सर्वोच्च न्यायालयानं अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात सांगितलं की गृहिणीच्या कामाला मोल आहे आणि तिचं उत्पन्न शून्य धरता येणार नाही. निकाल चांगलाच. पण त्यातली मेख ओळखली का? बाई अपघातात गेली, की तिच्या कामाचे पैसे मोजले जातात. ती जिवंत असेपर्यंत कुणी मोजत नाही. २०२४ च्या सरकारी पाहणीत दिसलं की आपल्या देशात घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते, आणि घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटं. तेही जे पुरुष करतात त्यांचं. कितीतरी पुरुष त्या हिशेबात येतच नाहीत. म्हणजे आपल्याकडचं बिल स्पेनपेक्षा मोठंच निघेल. फक्त ते लावणारी खिडकी अजून उघडलेली नाही.

स्पेनचं ते वर्ष एवढ्यावर थांबलं नाही. २० ऑगस्ट २०२३ ला सिडनीमध्ये स्पेनच्या मुलींनी इंग्लंडला १-० नं हरवून फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. आणि पदक देताना त्यांच्या संघटनेचा अध्यक्ष लुइस रुबियालेस यानं जेनी एर्मोसो या खेळाडूचं डोकं धरून तिच्या ओठांचं चुंबन घेतलं. साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत. वर राजीनामा देणार नाही म्हणून भाषण ठोकलं. तेव्हा तिच्या सहकारी मैत्रिणी उभ्या राहिल्या. अलेक्सिया पुतेयास या नावाजलेल्या खेळाडूनं लिहिलं, ‘से आकाबो’. बास झालं. त्या दोन शब्दांची देशभर घोषणा झाली. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं मारिया हिमेनेसचं गाणं लोकांना पुन्हा आठवलं. ७ सप्टेंबरला मारिया सेव्हिलमध्ये वारली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. १० सप्टेंबरला रुबियालेसनं राजीनामा जाहीर केला. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यायालयानं त्याला लैंगिक आगळिकीबद्दल दोषी ठरवून १०,८०० युरोंचा दंड केला.

दंड किती कमी, असं मनात येतं. पण मुद्दा दुसरा आहे. एर्मोसो एकटी बोलली असती तर तिलाच गप्प बसवलं असतं. तिच्या मागे विश्वविजेता संघ उभा राहिला, ‘हा अध्यक्ष आहे तोवर आम्ही खेळणार नाही’ म्हणाला, म्हणून ते तडीस गेलं. शकिराचं गाणं एकटीचं होतं. ‘से आकाबो’ पुष्कळ जणींचं झालं. मला विचाराल तर त्या वर्षातला मोठा पल्ला इथे गाठला गेला.

आणि शरद ऋतूत आणखी एक मजेची गोष्ट झाली. इन्यीगो किन्तेरो नावाच्या, गालिसियाकडच्या एका विशीतल्या मुलाचं गाणं स्पेनमध्ये पहिलं आलं. एवढंच नव्हे, जगभर स्पॉटिफायवर एक नंबरला पोचलं. गाण्याचं नाव ‘सि नो एस्तास’, म्हणजे ‘तू नसलीस तर’. पियानो, कातर आवाज, आणि ती नाही म्हणून कासावीस झालेला मुलगा. टोमणा नाही, सूड नाही, दूषण नाही. वर्षाच्या सुरुवातीला बाईनं रडणं सोडलं, आणि वर्षाच्या शेवटी एका मुलानं ते उचललं! मला यात बरंच वाटलं. रडणं ही काही वाईट गोष्ट नाही. ते फक्त बायकांच्याच खात्यावर टाकलं होतं, ते आता वाटून घेतलं जात असेल तर उत्तमच. म्हणून ‘बायका आता रडत नाहीत’ ही घोषणा मला पूर्ण पटत नाही. रडू आलं तर रडावं की! डोळे पुसून मग बिल लावावं. दोन्ही करता येतं.

नोव्हेंबरच्या १६ तारखेला, त्याच सेव्हिल शहरात, लॅटिन ग्रॅमी पुरस्कारांचा सोहळा झाला. अमेरिकेबाहेर पहिल्यांदाच. शकिराच्या त्रेपन्न क्रमांकाला वर्षातलं सर्वोत्तम गाणं म्हणून गौरवलं गेलं. आणि बरोबर चार दिवसांनी, २० नोव्हेंबरला, ती बार्सिलोनाच्या न्यायालयात उभी होती. २०१२ ते २०१४ या वर्षांचा सुमारे एक कोटी पंचेचाळीस लाख युरोंचा कर बुडवल्याचा आरोप. खटल्याच्या पहिल्याच दिवशी तिनं तडजोड केली, सत्तर लाख युरोंहून जास्त दंड मान्य केला आणि तुरुंगवास टाळला. बिल लावणाऱ्या बाईला शेवटी सरकारनंही बिल लावलं! म्हणून म्हणते, तिला देवीच्या देव्हाऱ्यात बसवू नका, आणि कडेलोटही करू नका. ती एक कर्तबगार, चुकणारी, चिडणारी बाई आहे. तिच्याकडून घेण्यासारखं आहे तेवढं घ्यावं.

काय घ्यावं? तिच्यासारखं नवऱ्याचं वाभाडं काढणारं गाणं आपल्याला करायचं नाही, आणि केलं तरी आपल्याला त्याचे पैसे मिळणार नाहीत. उलट आपल्यासारख्या बाईनं गावात तोंड उघडलं तर किंमत तिलाच मोजावी लागते. ती माहेरी मोजावी लागते, मुलीच्या लग्नात मोजावी लागते. हे खोटं धैर्य कुणाला शिकवण्यात अर्थ नाही. पण ‘फाक्तुरार’ हा शब्द मात्र आपल्या कामाचा आहे. नोंद ठेवणं, मोजणं, लिहून काढणं. भांडण न होताही हे करता येतं. घराच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे का, हे बघून घ्या. पोस्टात किंवा बँकेत फक्त आपल्या नावाचं एखादं खातं असू द्या. दुकानात, शेतात, नवऱ्याच्या धंद्यात आपण राबतो त्याचा कुठेतरी कागद असू द्या. दागिने नक्की कुणाकडे आहेत, विमा कुणाच्या नावावर आहे, हे सगळं सुखाचे दिवस असतानाच विचारायचं असतं. नंतर विचारलं की ते भांडण होतं.

बेलेस-मालागाच्या त्या बाईला न्याय मिळाला, कारण तिच्या देशात कलम होतं आणि ती दार ठोठावायला गेली. आपल्याकडे तसं कलम यायचं असेल तर ते आपण मागितल्याशिवाय येणार नाही. पुढच्या वेळी मतं मागायला कुणी दारात आलं, की भिशी आणि गॅसच्या भावाबरोबर हाही एक प्रश्न विचारून ठेवा. संसारात वाढलेल्या मिळकतीत घर सांभाळणारीचा वाटा किती? उत्तर लगेच येणार नाही. पण मारिया हिमेनेसनं गाणं गायलं तेव्हाही स्पेनमध्ये कायदा नव्हता. तो तीन वर्षांनी आला.